पितळेची थाळी

मंगळवार, संध्याकाळ. कुकर लावून बसले आहे.

रिपोर्ट मिळाला. नारायण पेठेतले डॉक्टर स्पष्टच बोलले. आनंदीच्या दोन्ही आतल्या कानांची घडण जन्मापासूनच अपुरी आहे, तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. वाघोलीला घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "थाळी वाजवली की वळते की!"

ती थाळी! पोरगी अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. मी डॉक्टरांचं नाव काढलं की सासूबाई थाळी काढायच्या. दिवाणावर तिच्या मागे धपकन बसायचं आणि बडवायची. दिवाण हलला की ती वळायची. लगेच निकाल: "कान शाबूत आहेत. हिचा बापही उशिराच बोलला." मी एकदा दिवाणाचं बोलले, तर हे म्हणाले, "तू काय कानाची डॉक्टर?" नाही हो. तुमच्या आई आहेत ना!

आज मीच आनंदीला फरशीवर ठोकळे देऊन बसवलं, मागे लांब उभी राहिले आणि थाळीवर पळी हाणली. जोरात. हे दचकले. समोरच्या काकूंनी दार उघडून विचारलं, "अहो, काय पडलं?" आनंदीने ठोकळ्यावर ठोकळा ठेवला.

वाटलं, आता तरी... कसलं काय. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "ही स्टीलची आहे रे. माळ्यावरची पितळेची काढ."

आणि हे स्टूल आणायला गेले.