यंत्राचा उशीर

२ नोव्हेंबर, सोमवार
डीजे कंट्रोलर आला. दोन गोल चकत्या, खाली पॅड, मधे सरकपट्ट्या, बाकी सगळीकडे नॉब. खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलंय. तेवढा भाग कापून टाकला.
कारण लिहून ठेवते. २२ तारखेला धाकटीच्या नाचाच्या क्लासचा पहिला कार्यक्रम आहे. क्लास सध्या तिच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चालतो. कोणाची गाडी लवकर घरी आली की नाच बंद. कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये आहे, हॉलचे सेक्रेटरी बघायला येणार आहेत, पसंत पडला तर क्लासला कायमचा हॉल मिळेल. धाकटी म्हणाली, ताई, तू फक्त पाच गाणी एकामागून एक लाव.
लाव म्हणे. गाणी सलूनवालाही लावतो. मी ती संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेणार आणि त्यांच्यावर टाळ्या पॅडवरून स्वतः वाजवणार. नाचणाऱ्या बायका माझ्या टाळीवर पाय टाकतील. हे सांगितल्यावर धाकटी गप्प झाली. भारावली असावी.

४ नोव्हेंबर, बुधवार
सॉफ्टवेअरला कंट्रोलर दिसतच नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. कंपनीला ईमेल लिहिला, मुद्देसूद. उत्तर आलं: कृपया केबल तपासा.
मी वजनकाटे प्रमाणित करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आणि हे मला केबल तपासायला सांगतात.

५ नोव्हेंबर, गुरुवार
आई खोलीत आली आणि म्हणाली, अगं, माझ्या पाय दाबायच्या मशीनची वायर इथे काय करतेय? दोन दिवस शोधतेय मी.
त्या वायरने फक्त चार्जिंग होतं. कंट्रोलरची वायर खोक्यातच होती. दोन्ही काळ्या. दोन वेगळ्या कामांच्या वायरी एकाच रंगाच्या काढणं ही शुद्ध बेपर्वाई आहे. कंपनीला तसं कळवलं.
कंट्रोलर दिसू लागला.

८ नोव्हेंबर, रविवार
मॅपिंग केलं. म्हणजे कुठला नॉब फिरवला की सॉफ्टवेअरमध्ये काय हलायचं, ते एकेक करून शिकवलं. पाच पॅडवर पाच गाणी, सहाव्यावर टाळी, आणि सगळ्यांवर लेबलं चिकटवली. संध्याकाळी संपलं. आता आवाज वाढवला की गाण्याचा वेगही वाढतो. एका नॉबला दोन कामं लागली आहेत. काढता येईल, पण मुद्दाम ठेवल्यासारखंही दिसतं.
जावई आले होते. म्हणजे धाकटीचा नवरा. मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे त्याचं. लेबलं बघून म्हणाला, ताई, कॉकपिट झक्कास झालंय हो, विमान कधी उडवताय? मग जेवणाच्या टेबलावर बोटांनी ठेका धरून बसला. आईपण मान हलवायला लागली. काही माणसांना आनंदी व्हायला कारण लागत नाही, ही त्यांच्यातली उणीव आहे.
संकल्प: उद्यापासून रोज एक तास सराव.

१० नोव्हेंबर, मंगळवार
सराव नाही. लेबलं एका रेषेत नव्हती, ती काढून पुन्हा लावली.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
यंत्रात गंभीर दोष सापडला. पॅड दाबल्यावर टाळी उशिरा येते. याला लेटन्सी म्हणतात. सामान्य माणसाला ती कळतही नाही.
मोजली. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम टकटक करतो, प्रत्येक टकवर मी पॅड दाबते, दोन्हींत किती अंतर पडलं ते स्क्रीनवर दिसतं. आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम असा, की ज्याच्याशी तुलना करायची ते प्रमाण वादातीत हवं. इथे प्रमाण म्हणून माझा हात घेतला.
दर वेळी वेगळा आकडा. सगळे उशिराचे. यंत्र नुसतं मंद नाही, लहरीही आहे.

१४ नोव्हेंबर, शनिवार
उपाय सोपा आहे. यंत्र जेवढा उशीर करतं तेवढं गाणंच मागे सरकवायचं. सरकवलं. टाळी परत गाण्याच्या मागे. गाणं आणखी सरकवलं. टाळी आणखी मागे गेली. यंत्र जाणूनबुजून करतंय. हे वाक्य अशास्त्रीय आहे, पण राहू दे.
धाकटी डबा द्यायला आली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने ती मेट्रोनोमबरोबर पॅड दाबत राहिली. स्क्रीनवर अंतर जवळजवळ शून्य. म्हणाली, ताई, ठीक तर आहे की गं.
तिला समजावून सांगितलं: नमुना एकाच व्यक्तीचा, तीही अप्रशिक्षित, त्यात हातात डबा. ग्राह्य नाही. ती म्हणाली, बरं.
लहानपणी मी तिला सायकल शिकवायचे तेव्हाही ती असंच बरं म्हणायची. मग शेजारच्यांकडून शिकून आली.

१५ नोव्हेंबर, रविवार
पार्किंगमध्ये तालीम. टाळी आली की पाय टाकायचा, यापलीकडे त्या बायकांना काही काम नाही. पहिल्याच गाण्यात निम्म्या उजवीकडे गेल्या आणि निम्म्या वाट बघत उभ्या राहिल्या. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आहेत, घाम पुसत पुढे आल्या. म्हणाल्या, अहो ताई, आमचा पाय पडून जातो, मग तुमची टाळी येते. ठेका देताय की शाबासकी?
सगळ्या हसल्या. जावई तर खांबाला टेकून हसला. मी शांतपणे निदर्शनास आणलं की त्या लवकर नाचतात.
नंतर धाकटीला बाजूला घेऊन सुचवलं, की आठवडा आहे अजून, क्लासला जरा उशिरा नाचायला शिकव. तिने माझ्याकडे बघितलं. मागे एक गाडी हॉर्न देत उभी होती आणि बायका चपला शोधत बाजूला होत होत्या. धाकटी म्हणाली, ताई, मला तो हॉल हवाय गं. खरंच हवाय.
मला काय नकोय? त्यासाठीच तर एवढं करतेय.

१६ नोव्हेंबर, सोमवार
सराव नाही. सदोष यंत्रावर सराव करणं म्हणजे सदोष सवय लावून घेणं.

१८ नोव्हेंबर, बुधवार
कामावरून आले तर धाकटी माझ्या खोलीत. हेडफोन लावून, डोळे मिटून पॅड बडवत होती. मला बघून दचकली. म्हणाली, सहज बघत होते. जाताना माझा पेनड्राइव्ह मागून नेला, दुकानाचे फोटो ठेवायला हवाय म्हणे.
खेळू दे. प्रत्येकाला यंत्र कळलंच पाहिजे असं नाही.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
उशिरावर इलाज झालेला नाही. पण अशी उपकरणं थंड हवेत बरी चालतात, आणि हॉलला एसी आहे.
सामान भरलं. कंट्रोलरचा आवाज हॉलच्या स्पीकरपर्यंत नेणारी जाड वायर तपासली, गुंडाळली, गाठीवर प्रयोगशाळेतलं कागदी सील चिकटवून सही केली, तारीख घातली. सील फाडल्याशिवाय ती वायर सुटणार नाही. आई म्हणाली, वायर पळवायला कोण येणार आहे?
जावयाचा फोन. ताई, हॉलमधली जोडाजोडी माझ्यावर सोडा. तुम्ही आपल्या फक्त वाजवा. आणि हेडफोन नको हं, हॉलचा आवाज ऐका, मजा येईल.
माणसाला शेवटी आपली पायरी कळते.

२२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पूर्ण यश.
एकही टाळी उशिरा आली नाही. एकही. माझं थंड हवेचं निदान अचूक ठरलं. धाकटी हात वर करायची, मी पॅड दाबायचे, गाणं सुरू. बायकांचे पाय असे पडत होते की सेक्रेटरींनी खुर्ची पुढे ओढून घेतली.
दोन नोंदी तांत्रिक. तिसऱ्या गाण्याला माझ्याकडून चुकून चौथ्या गाण्याचा पॅड दाबला गेला. तरी तिसरंच वाजलं. म्हणजे मॅपिंग इतकं भक्कम झालंय की ते माझी चूक पोटात घालतं. दुसरं, शेवटच्या गाण्यात मला शिंक आली आणि हात उचलला गेला, तरी टाळी पडली. आधीच्या दाबांचा साठा यंत्रात राहत असणार.
जावई कोपऱ्यात हॉलच्या स्पीकरांपाशी उभा होता. दर गाण्याला तिथे उगाच खुडबुड. कोणीतरी लुडबुड करायला लागतंच.
बँकेतल्या बाई येऊन म्हणाल्या, ताई, आज सोनं केलंत हो. मी म्हटलं, तुम्हीही सुधारलात.

२३ नोव्हेंबर, सोमवार
हॉल मिळाला. धाकटी फोनवर आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, ताई, तू होतीस म्हणून. मी म्हटलं, ते आहेच.
प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, एखाद्या शनिवारी इथेही वाजवा. विचार करते म्हटलं.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
बॅग रिकामी केली. लॅपटॉप, कंट्रोलर, जाड वायर.
वायरच्या गाठीवरचं सील शाबूत आहे. माझी सही, माझी तारीख. सील शाबूत असेल तर काय समजायचं, हे नवीन येणाऱ्यांना मीच शिकवते.
हॉलने त्यांची वायर दिली असेल. विचारून खात्री करता येईल. विचारलं नाही.
धाकटीने पेनड्राइव्ह आईजवळ परत दिला होता. त्यात दुकानाचा एकही फोटो नाही. पाच गाणी आहेत, टाळ्यांसकट. टाळ्यांचं ठेक्यापासून अंतर मोजलं. जवळजवळ शून्य.
संध्याकाळी तिचा फोन. ताई, पुढच्या कार्यक्रमालाही तूच हवीस हं. बायका विचारतायत, त्या लेबलांच्या ताई येणार ना? येईन म्हटलं. मग विचारलं, आवाजाची वायर आणू का?
मागे जावयाचा टेबलावरचा ठेका चालला होता, तो थांबला.
मग धाकटी म्हणाली, आण ना. बॅगेत असू दे.