ड्रिल मशीनवरची चटणी

२१ मार्च

हिचा उजवा हात मोडला! स्टुलावर चढून माळ्यावरचा पापडाचा डबा काढत हुती. मी हितंच बसलोतो. मला सांगायचं न्हाय का? "तुमी पेपर वाचत हुतासा," म्हणली. मनगटाला प्लॅस्टर. दीड महिना हात हलवायचा न्हाय.

म्हणजे स्वयंपाक माझ्या गळ्यात.

२२ मार्च

भाकरी. उद्यमनगरात उभा जन्म लेथ चालवला, केसाएवढा फरक बोटाला कळायचा. आन् हे पीठ! थापलं की परातीला चिकटतंय, उचललं की फाटतंय. ही दारात खुर्ची टाकून बसली — "पाणी गरम घ्या. मळा अजून. अहो, मळा की!" नुसती फोरमनगिरी.

शेजारच्या झुंबरबाईनं डबा आणला तर हिनं परत पाठवला. "घरात दोन गडी हाईत, करतील की." मी भुकेनं मरतोय आन् हिला ताठा!

दोन गडी कुठलं? एक मी. दुसरं वर माडीवर दार लावून बसलंय.

२५ मार्च

राजवीर. आमचं पोरगं. पुण्यात ॲपच्या कंपनीत हाय — फोनवर बटन दाबलं की दहा मिनिटांत भाजी दारात, असलं कायतरी. या महिन्यात आलं ते परत गेलंच न्हाय. "घरनं काम करतोय," असं आईला सांगितलंय. मला न्हाय. माझ्याशी बोलतंय कुठं? लेथ विकला त्या दिवशी मी म्हणलं हुतं, घरचा धंदा सोडून लोकांच्या घरी कोथिंबीर पोचवायला निघालास! तवापासनं आमचं बोलणं हिच्यामार्फत. "आई, त्यास्नी सांग, गाडीची चावी टेबलावर हाय." मी समोर उभा!

ताट वर जातंय तसंच खाली येतंय. माझी आमटी वाईट असंल, मान्य. पण हे पोरगं पुण्यास्नं आलं की तांबडा रस्सा वाटीवर वाटी प्यायचं. आता गळ्याची हाडं दिसत्यात. ही ताट बघती, झाकून ठेवती. मला ते जास्त टोचतंय.

२ एप्रिल

फोनला विचारलं, भरलं वांगं कसं करायचं. बाई बोलती त्यातनं, गोड. म्हणली, "चवीनुसार मीठ." कुणाच्या चवीनुसार? माझ्या, हिच्या का फोनमधल्या बाईच्या? ड्रॉइंगवर कुणी 'आवडीनुसार व्यास' लिहून आणला असता तर गिऱ्हाइकाला दारातनं हाकललं असतं. नेमकं किती ते सांग म्हणलं, तर उलट मलाच विचारती — हे उत्तर उपयोगी वाटलं का?

आधी वांगं खातो, मग सांगतो!

३ एप्रिल

खारट. गल्लीतल्या कुत्र्यानं वास घेतला आन् तोंड फिरवलं.

९ एप्रिल

दुपारी एक पावणं आलं, पाठीला पिशवी. "राजवीर सरांचा लॅपटॉप न्यायला आलोय. कंपनीनं पाठवलंय." सही घेतली, लॅपटॉप पिशवीत घातला, चहा पण न घेता गेलं. राजवीर जिन्यात उभा. माझ्याकडं न बघता वर गेला. दार लागलं.

नोकरी गेली की!

हिला विचारलं. हिला पहिल्या दिवसापासनं म्हाईत! म्हणली, "सकाळी उठला तर पासवर्डच चालंना. मग कळलं, काढलंय. लई जणांस्नी काढलंय." मग मला का सांगितलं न्हाय? "तुमी बोलला असतासा."

बोललो असतोच की! असली कंपनी कधी बघितली न्हाय. जन्मापासनं एक रुपाया नफा न्हाय आन् पेपरात फोटो, केवढी मोठी झाली म्हणून. हाच सांगायचा, महिन्याला इतकं कोटी 'बर्न' हाय, म्हणजे पैसा जाळायचा. छाती फुगवून! फौंड्रीत बी जाळत्यात, पण भट्टीतनं खाली बिडाचं लोखंड निघतंय. ह्यांनी एवढं जाळलं, त्यातनं काय निघालं? माझं पोरगं बाहेर निघालं.

जिन्यापर्यंत गेलो बोलायला. मागनं ही — "अहो. एक शब्द बोलू नका. मटकी भिजत घाला."

घातली.

१७ एप्रिल

आज परत मटकी केली, बरी झाली. वर पाठवली. ताट निम्मं आलं.

२ मे

प्लॅस्टर काढलं. डॉक्टरकडं आत एकटीच गेली, मला बाहेर बसवलं. आली ती पट्टी बांधून. "अजून महिना तरी जपायला सांगितलंय." मोडायला एक पापड, जुळायला दोन ऋतू!

एवढं दुखतंय म्हणती, पण अंबाडा मात्र झकास. एका हातानं जमतंय कसं? "सवय हाय," म्हणली. लोणच्याच्या बरणीचं झाकण पण उघडं सापडलं. झुंबरबाईनं उघडलं म्हणे.

१० मे

वर्साची कांदा-लसूण चटणी. दरवर्षी मे महिन्यात होतीया, हात मोडला म्हणून चुकत न्हाय. मिरच्या, खोबरं, धनं भाजायचं काम माझ्याकडं. गल्ली खोकून खोकून बेजार. झुंबरबाई पदर नाकाला लावून दारात — "काय भावजी, आज काय जाळलासा?"

सगळं पिशवीत घालून डंकावर कुटायला गेलतो. तिथं ही रांग! परवा या, डंकवाला म्हणला. परवा? डंक म्हणजे काय, तर उखळ आन् वर-खाली होणारा मुसळ. मी काय ह्यात परका हाय का? लेथ विकला तवा ड्रिल मशीन तेवढी ठेवली हुती. तिच्या चकमध्ये, म्हणजे बिट आवळायच्या पकडीत, गज, गजाला पातं, खाली स्टीलचा डबा. झालं! उद्या मधल्या खोलीत, पंख्याखाली मांडतो. उकडतंय लई.

११ मे

पेन धरलं तरी बोटं झोंबत्यात.

बटन दाबलं आन् डब्यात काय उरलंच न्हाय. भिंतीवर चटणी, छतावर चटणी. वर पंखा चालू! त्यानं उरलीसुरली घरभर वाटली. डोळं मिटून बटन शोधतोय, सापडंना. ही ओरडतीया — "राजवीर! आरं पळ, तुझं आप्पा आंधळं झालं!"

पोरगं जिन्यावरनं धडाधडा खाली. मेन स्विच बंद केला. माझं डोस्कं धरून नळाखाली घातलं. दोघं बी शिंकून शिंकून खाली बसलो.

मग म्हणला — मला, थेट मला — "आप्पा, झाकण कुठाय?"

"झाकण लावल्यावर आतलं दिसणार कसं?"

"आन् आरपीएम?"

"अठ्ठावीसशे."

"अठ्ठावीसशे! मिरचीला! आधी मूठभर घालून बघायचं असतं की. टेस्टिंग म्हणत्यात त्याला."

"तुझी कंपनी करत हुती का टेस्टिंग?" तोंडातनं गेलंच.

म्हणलं संपलं, आता वर जाणार आन् दार लावणार. तर लाल झालेल्या भिंतीकडं बघत म्हणला, "न्हाय. आमीबी असंच केलं. थेट पंख्याखाली."

आन् हसला! मला पण आवरंना. ही दारात पट्टीचा हात पोटाशी धरून डोळं पुसत हुती. चटणी गेली असंल.

भिंत पुसता पुसता त्यानं बोट चाटलं. "मीठ कमी पडलंय." मग भाकरी मागितली. मग आणखी एक. माझ्या भाकरी, कडा करपलेल्या! ताट मोरीत गेलं ते चाटूनपुसून.

१४ मे

नव्यानं सगळं भाजलं, डंकावर दोघं गेलो. रांगेत उभं असताना म्हणला, "आप्पा, नोकरी गेली माझी."

"म्हाईत हाय."

"मग बोलला न्हाईसा?"

"तुझी आई बोलू देईना."

खाली बघून हसला. पिशवी त्यानंच उचलली.

१९ मे

आता दोघं स्वयंपाकघरात. ह्याचं एक नवं लफडं — कांदा एकसारखाच चिरला पायजे. एका कांद्याला अर्धा तास! भूक मरती माणसाची. वर म्हणतोय, चटणी ऑनलाइन विकूया. म्हणलं आधी दोन पैसे नफा कर, मग नाव ठेव कंपनीला. "आन् पोचवणार कवा, दहा मिनिटांत?" तर म्हणतोय, "चार दिवस लागतील. ज्याला पायजे तो थांबंल." अक्कल आली म्हणायची. कागल एमआयडीसीत एका ठिकाणी अर्ज पण टाकलाय. मला न विचारता. पण मला सांगून.

२४ मे

सकाळी ही खुर्चीत, आमच्या दोघांवर तोंडाचा पट्टा चालू. "खोबरं करपलं! अरे, कांदा परता की!" वळून बघितलं.

पट्टी डाव्या हाताला. मोडला हुता उजवा.

राजवीरनं पण बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "अजून महिना तरी जपायला पायजे हात."

"व्हय आप्पा," म्हणला, "घाई नको." आन् कांदा परतायला लागला.