बिजलीच्या सतारीवरची तिहाई

देऊळघाट,
पोळ्यानंतरचा सोमवार, १९७८

राजमान्य राजेश्री नारायणराव जावईबापू यांच्या सेवेशी, देऊळघाटाहून इंद्रभानाचा दोन्ही हात जोडून रामराम (एक हात जोडलेला, दुसरा त्याला आणून टेकवलेला).

विनंती विशेष. तुमचे कृपापत्र पावले. तुमचे पित्त शमले, कचेरीत तुम्हाला खिडकीजवळची खुर्ची मिळाली आणि आमच्या धाकट्या बहिणीने, पुष्पाने, यंदा लोणचे नासू दिले नाही, हे वाचून फार समाधान वाटले. इकडे सर्व क्षेम आहे. आमच्या सौ. सुभद्रेचे गुडघे पावसाचा अंदाज रेडिओपेक्षा बरा सांगतात. माझा डावा हात गेल्या दिवाळीत त्यावरून वारं गेलं तेव्हापासून आहे तिथेच आहे. चहाची बशी धरतो, मृदंगावर थाप काही देत नाही. भजनी मंडळाने मोठ्या मनाने मला टाळ दिले आहेत. एक टाळ डाव्यात नुसता धरायचा आणि दुसरा त्याच्यावर आपटायचा, एवढे मला जमेल असे सर्वानुमते ठरले. मृदंगाला मोताळ्याहून एक गृहस्थ आणले आहेत. चांगले वाजवतात. म्हणजे वेळेवर येतात.

आता तुमचा प्रश्न. आषाढात तुम्ही चि. प्रफुल्लला इकडे धाडलेत तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की, मुलगा इंजिनिअरिंग सोडून दिवसभर इंग्रजी गिटार कुटतो आहे, त्याला शेतात राबवा, मातीत हात गेला की डोके ठिकाणावर येईल. आमच्या मातीवर तुमचा एवढा विश्वास पाहून मला भरून आले. (तुम्ही स्वतः इथे येता तेव्हा ओट्यावरून खाली उतरत नाही, ते बहुधा डोके आधीच ठिकाणावर असल्यामुळे.) आता लिहिता की बँकेत शब्द टाकून ठेवला आहे, गणपती उरकले की मी येऊन त्याला घेऊन जातो, तोवर खूळ उतरले की नाही ते कळवा. तेव्हा मामाच्या नात्याने सगळा वृत्तांत सादर करतो. वाचताना पित्ताची गोळी जवळ ठेवावी.

चिरंजीव बुलढाण्याहून येणाऱ्या एसटीतून पाठमोरे उतरले. केस खांद्याच्या खाली. सुभद्रेला वाटले पुष्पाच आली, ती ओटीचे तांदूळ आणायला घरात पळाली. परत येऊन पाहते तर पुष्पाला मिशी. मागोमाग दोन पेट्या उतरल्या. लांब पेटीत गिटार होती आणि दुसऱ्या चौकोनी पेटीचे काम त्या गिटारीचा आवाज तालुक्याला ऐकवण्याचे. ही दुसरी पेटी घरात लावली की आमचा एकुलता एक दिवा मान टाकू लागला, म्हणून सगळे बिऱ्हाड विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत हलवले. पावसाळ्यात मोटारीला काम नसते, वीज नुसती बसून असते. शेतात राबवा ही तुमची आज्ञा अशी पहिल्याच दिवशी अमलात आली.

त्या संगीताचे नाव हेवी मेटल. मी अर्थ विचारला. मेटल म्हणजे धातू आणि हेवी म्हणजे जड, असे भाचेबुवांनी समजावले. म्हटले, मग खामगावच्या जिनिंगात सरकी काढतात तेव्हा मी हेच ऐकत आलो आहे, फक्त तिथे आवाजाबरोबर कापूसही निघतो. दोन दिवसांत गुलाबराव पाटलांचा निरोप आला की म्हशीने पान्हा चोरला. तिसऱ्या दिवशी मी टाळ बाजूला ठेवून विहिरीवर गेलो. जावईबापू, तुमचा मुलगा वाईट वाजवत होता असे मी म्हणणार नाही. तो फार जोरात, फार भरभर आणि कुठेही न जाता वाजवत होता. मी विचारले, "काऊन बे, याची सम कुठी हाय?" (सम म्हणजे ताल जिथून निघतो आणि फिरून जिथे येतो ती जागा. तुमच्या दिवाणखान्यात बाजाची पेटी आहे हे मला ठाऊक आहे, पण तिच्यावर रेडिओ ठेवलेला असल्यामुळे सांगितले.) तो म्हणाला, "मामा, मेटलमध्ये सम वगैरे नसते." मी म्हटले, "जिथं समच नाही, तिथं तू पोचशीन कुठी?" मग मी पेटीची वायर काढली, गुंडाळली आणि घरी आणून सुभद्रेच्या ज्वारीच्या कोठीत टाकली.

माझे मृदंगाचे गुरू, खामगावचे किसनबुवा, यांची शिस्त तुम्हाला माहीत नसेल. जे तोंडात नाही ते हातात येत नाही, असे ते म्हणत. शिष्याने आधी मृदंगाचे बोल नुसते तोंडाने म्हणायचे, चालताना, जेवताना, खांद्यावर कावड असताना. तोंड चुकायचे थांबले की मगच चामड्याला हात लावायचा. हीच शिस्त मी तुमच्या मुलाला लावली. बोल पाठ झाल्याशिवाय वायर मिळणार नाही. मला वाटले चार दिवसांत कंटाळून पुण्याची गाडी धरील. (तसे झाले असते तर हे पत्र पोस्टकार्डावर मावले असते.) पण तो इरेला पेटला. वांगी तोडताना धा किट तक, निंदताना धुम किट तक, न्हाणीत तिट कत गदि गन. सुभद्रा वाढायला आली की एका हाताने थांबवणार, तुकडा पुरा करणार, समेवर आला की म्हणणार, वाढा. शेजारच्या शालूबाईंनी हे कुंपणावरून पाहिले आणि पुण्याच्या पोराला लागीर झालं असे गावभर सांगितले. संध्याकाळी त्या लिंबू-मिरच्या घेऊनच आल्या आणि उतरवताना पुटपुटू लागल्या. आपले चिरंजीव डोळे मिटून म्हणाले, "काकू, तुमची एक मात्रा कमी पडते आहे." त्या दिवसापासून शालूबाई आमच्या दारावरून न जाता पाटलाच्या वाडीला वळसा घालून जातात. घरात शांतता आहे, त्याबद्दल मी तुमच्या मुलाचा ऋणी आहे.

शेवटी वायर द्यावी लागली. त्याने सगळ्यात जाड तार धरली, तळहाताची कड तिच्यावर दाबून बोल वाजवला, आणि मी कान पेटीजवळ नेला. कारण ते आपलेच निघाले. तळहात टेकवला की बंद बोल, उचलला की खुला. मृदंगावर हेच तर करतात. आणि ती जाड तार धुम म्हणाली तेव्हा खोलीचे पत्रे थरथरले. जावईबापू, मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक लावून जो घुमारा निघतो तो माझ्या हातून दिवाळीला गेला आणि तो पुन्हा कधी कानावर येईल अशी आशा मी सोडली होती. तो त्या चौकोनी पेटीतून आला, जरा खरखरीत, जरा दारू प्यालेला, पण तोच. मला रडू आले हे मान्य करतो. मोटारीच्या खोलीत ऑइलचा वास असतो, त्यानेही डोळ्यांत पाणी येते.

येथवर प्रकरण घरातल्या घरात होते. ते गावात नेले आमच्या सरपंचांनी, हिंमतरावांनी. यंदा पोळ्याचे वाजंत्री जास्त बिदागीच्या गावाला गेले आणि हिंमतरावांना ऐन वेळी आठवले की इंद्रभानाच्या घरी बिजलीची सतार आहे. मारुतीच्या देवळाजवळच्या पिठाच्या गिरणीतून वीज ओढली, देवळाचा भोंगा जोडला, माझ्यासमोर माइक ठेवला. मी तोंडाने बोल म्हणायचे आणि त्याने तेच गिटारीवर वाजवून उत्तर द्यायचे असे ठरले. बैल सजून तोरणामागे उभे. आमचा रिवाज तुम्ही एकदा पाहिला आहे (ओट्यावरून). तोरणापुढे आधी झडत्या होतात, म्हणजे कोणी सरपंचावर, कोणी सासूवर जोड जुळवून टोले हाणतात. मग सगळे हर हर महादेव म्हणून गर्जतात, तोरण तुटते आणि मानाची म्हणून गुलाबराव पाटलांची जोडी सगळ्यांच्या पुढे निघते. गुलाबराव त्या वेळी अजून घरीच होते. खामगावहून आणलेले बाशिंग बैलाला बसत नव्हते.

आम्ही नुसता वेळ काढत होतो. पण मी एक बोल टाकावा आणि त्याने तो विजेत बुडवून परत फेकावा, असे होता होता दोघांनाही चढले. माणसे छपरांवर चढली. हिंमतरावांचा फेटा तालात हलू लागला. मोताळ्याचे गृहस्थ कडेला उभे होते, त्यांचे बोट मांडीवर पडू लागले. आणि मला (माझ्या वयाला, माझ्या पांढऱ्या मिशांना) मोह झाला. मी तिहाई टाकली. एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा धा बरोबर समेवर आणून आपटायचा. आता, आमच्या गावात भजनाच्या तिहाईचा धा पडला की सगळ्यांनी एकदम गर्जायचे, ही सवय आईच्या दुधापासूनची आहे. प्रफुल्लने तो तिसरा धा असा वाजवला की देवळाची घंटा आपोआप हलली. गाव गर्जले. समोर बैल होते, म्हणून विठ्ठलाऐवजी तोंडात आले हर हर महादेव. ते ऐकताच तोरणाच्या दोरीजवळच्या माणसाने डोके न वापरता हात वापरला. तोरण तुटले, बैल उधळले. झडती एकही झाली नव्हती.

सगळ्यांच्या पुढे कोण निघाले ते ऐका. तुळशीरामाची जोडी. जोडी म्हणायची झाली तर. तुळशीरामाचा एक बैल वैशाखात गेला, दुसऱ्याला जोड म्हणून त्याने सासरहून उसना आणलेला, आणि तोरणाखालून पहिले नाक गेले ते या उसन्या बैलाचे. तुळशीरामाचे सासर मोताळ्याला. म्हणजे मृदंगही मोताळ्याचा आणि यंदाचा मानही मोताळ्याचा. आमच्याकडे आता मोताळ्याच्या मालकीचे नाही असे काही उरले असेल तर कळवतो. गुलाबराव हातात बाशिंग घेऊन आले तेव्हा धूळसुद्धा खाली बसली होती.

तेव्हा जावईबापू, तुम्ही विचारलेत की खूळ उतरले काय. तुमच्या उपचाराला यश आले आहे. पूर्वी तो फक्त हाताने करत असे, आता तोंडानेही करतो. शिवाय भाषा बिघडली. परवा सुभद्रेला म्हणाला, "मामी, मले अजून एक भाकर वाढ ना." बँकेच्या साहेबासमोर हे चालेल काय, त्याचा विचार तुम्ही करालच. तुम्ही वडील आहात, निर्णय तुमचा. खुशाल या आणि त्याला घेऊन जा. आम्ही अडवणारे कोण? गाठोडे बांधून ठेवतो. पुष्पाला आशीर्वाद. पित्ताला जपा.

आपला,
इंद्रभान

ता. क. : येण्याची घाई मात्र करू नये. पाऊस फार आहे, रस्ता खराब आहे आणि एसटीत तुमच्या कमरेचे हाल होतील. (पाऊस आज थांबला आहे, पण तो तुम्ही निघाल्यावर येईल असे सुभद्रेचे गुडघे सांगतात.)

ता. क. दुसरा : वर एक लिहायचे राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर बैठक झाली. मला वाटले गावातून काढतात. गुलाबराव उठले आणि माझ्याशेजारच्या प्रफुल्लकडे बोट करून म्हणाले, "पुढच्या पोळ्याले हाच पोट्टा वाजवीन. पण माही जोडी तोरणाखाली उभी राह्यल्यावर! अन् तो नसला, तं इंद्रभान, तुये बैल तोरणाखाली येऊ देत नाही." सगळ्यांनी माना डोलावून हाव म्हटले. मोताळ्याचे गृहस्थही हाव म्हणाले, त्यांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा प्रफुल्ल निदान पुढच्या पोळ्यापर्यंत इथे लागेल. माझ्या बैलांचा प्रश्न आहे.

ता. क. तिसरा : बैलांचे निमित्त आहे. खरे ते लिहितो, हे पुष्पाला वाचून दाखवू नका, ती रडेल. किसनबुवांचे बोल माझ्याकडून घ्यायला आजवर गावातले कोणी आले नाही, आणि जो आला तो तुम्ही सुधारायला पाठवलेला. हल्ली रोज दुपारी मी त्याच्या शेजारी बसतो. तारा दाबायचे काम डाव्या हाताचे असते, ते तो करतो. छेडायचे काम उजव्याचे, ते मी करतो. एकाच गिटारीवर दोघे. धुम बरोबर येतो. आलात तर त्याला न्या, मी आडवा येणार नाही, पण नेताना माझा डावा हात नेताय एवढे ध्यानात असू द्या.

आणि येताना सगळ्यात जाड तार आणावी, इकडे मिळत नाही. होती ती मी तोडली.