साफ केलेली भिंत

३ फेब्रुवारी, सकाळी ६
आजपासून रोजनिशी नियमित. मागची तीन दिवस चालली, पण तो दोष वहीचा होता. कागदावर शाई पसरायची.
संकल्प एकच. वीस मिनिटांचा भयपट पूर्ण करायचा. स्पर्धेची शेवटची तारीख ३१ मार्च. शूटिंग झालेलंच आहे. कारखाना बंद पडल्यापासून वसाहतीच्या पाच इमारतींपैकी चार ओस आहेत, पाचवीत आम्ही सहा कुटुंबं. असं लोकेशन मिळवायला लोक गावोगाव हिंडतात. देवाने मला ते दारात आणून दिलं. त्याची योजना आपल्याला उशिरा कळते.
आता फक्त इफेक्ट टाकायचे. धूर, कोळिष्टकं, भेगा, सावली. महिनाभराचं काम.

६ फेब्रुवारी
पहिल्या इमारतीच्या खिडकीत कोळ्याचं जाळं घातलं. चार तास लागले. वाऱ्याने हलतंही. हिला दाखवलं. ही म्हणाली, अहो, आपल्या न्हाणीघरात खरं आहे, ते काढा आधी, मग कॉम्प्युटरमध्ये घाला.
बायको असूनही समजून न घेणं म्हणजे काय, ते असं. रागावलो नाही. देवापुढे पाच मिनिटं शांत बसलो. मग रागावलो.

१० फेब्रुवारी
कॉम्प्युटर जुना, त्यामुळे रेंडर फार हळू. रेंडर म्हणजे सगळे थर एकजीव होऊन पक्कं चित्र तयार होणं. दहा सेकंदांच्या धुराला तीन तास. तोवर दुसरं काही करता येत नाही, म्हणून दुपारी झोपलो.
एकूण प्रगती ६ टक्के.

१५ फेब्रुवारी
तळमजल्यावरच्या सिस्टर आल्या होत्या. कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली. आईच्या शेवटच्या आजारपणात रोज दोनदा जिना चढून यायच्या, ते विसरता येत नाही.
त्यांच्या खोलीची भिंत तीच जिन्याची भिंत. तिला भेग गेली आहे. बाहेर भेग, आत सिस्टरांची खाट. भिंत वाजली, की त्या उठतात, भेगेत जुना काचेचा थर्मामीटर घालून ती किती खोल गेली ते बघतात आणि भेगेचं टोक जिथवर आलं असेल तिथे पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहितात. दवाखान्यातला तापाचा तक्ता असतो तसा. म्हणाल्या, फोटोवाले, भिंतीला ताप चढतोय हो, आणि डॉक्टर घरी यायला तयार नाही.
डॉक्टर म्हणजे वसाहतीच्या ऑफिसातले इंजिनियरसाहेब. ते म्हणतात, आधी व्हिडिओ पाठवा, तारखा दिसू द्या, मग बघू. सिस्टरांना हवं होतं ते एवढंच. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाल्या.
लगेच गेलो. त्यांनी बोट ठेवून एकेक तारीख वाचून दाखवली. लिहून ठेवण्यासारखं काही नाही. पण जिन्याच्या झरोक्यातून जो उजेड आला होता! एकाच टेकमध्ये चार मिनिटं. अंगावर काटा आला. हा माझ्या भयपटाचा शेवटचा शॉट.

१७ फेब्रुवारी
शॉट पुन्हा पाहिला. अप्रतिम. अडचण एवढीच, की इमारत ओसाड वाटत नाही. कोपऱ्यात पायपुसणं. कठड्यावर टॉवेल. भेगेत थर्मामीटर. आणि भिंतीवर पेन्सिलीच्या अकरा तारखा. भुताच्या घरात तारखा कोण लिहील?
सिस्टर जिन्यात भेटल्या. पाठवलं का? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे.

२६ फेब्रुवारी
नऊ दिवस खपून भिंत साफ केली. टॉवेल सोपा होता. थर्मामीटर अवघड, काच चमकते. तारखा सगळ्यांत अवघड. एकेक फ्रेम घ्यायची, शेजारचा कोरा चुना उचलायचा आणि आकड्यावर लावायचा. दुकानात पासपोर्ट फोटोतले डाग पुसण्यात वीस वर्षं गेली, ती अशी कामी आली. गावच्या शाळेत पाटी पुसायचं काम गुरुजी मलाच द्यायचे. म्हणायचे, याच्यासारखी कोरी पाटी कुणाची नाही. तेव्हा मी ते कौतुक समजायचो. आजही समजतो.
मूळ भेग जरा नकली वाटत होती. ती बुजवून माझी घातली. माझी भेग हळूहळू वर सरकते आणि तिच्यातून धूळ गळते.

२७ फेब्रुवारी
खूप विचार करून निर्णय घेतला. ऑफिसला साधा व्हिडिओ पाठवण्यापेक्षा हाच पाठवावा. साध्या भेगेकडे कोण बघतं? ही बघून साहेब खुर्चीतून उठतील. सिस्टरांचं काम लवकर होईल. तारखा दिसत नाहीत, पण भेग वाढताना प्रत्यक्ष दिसते. तारखेपेक्षा पुरावा मोठा. सिस्टरांच्या अर्जाला जोडून त्यांच्याच नावाने पाठवला.
हार्ड डिस्क भरली होती, म्हणून या शॉटचं मूळ शूटिंग काढून टाकलं, फोनमधलंही. पक्की प्रत झाल्यावर कच्ची जपणं हा मोह आहे. हलकं वाटलं.

९ मार्च
ऑफिसचं पत्र आलं, सिस्टरांच्या नावाने. त्या ते वाचून दाखवायला वर आल्या. व्हिडिओतील भेग चालताना दिसत आहे, असे बनावट चित्रण पाठवून ऑफिसचा वेळ घेऊ नये, अर्ज निकाली काढण्यात येत आहे.
भेग चालते हे साहेबांना दिसलं, म्हणजे काम नीट झालं आहे. तेवढा भाग समाधानाचा.
सिस्टर म्हणाल्या, फोटोवाले, चालताना म्हणजे काय हो? म्हटलं, फाइल जाताना कधी कधी हलते. त्यांना पटलं. मला बरं वाटलं नाही, पण पटलं होतं.
त्या म्हणाल्या, मग पुन्हा काढा, आणि त्या इंजिनियरसाहेबांना म्हणावं डोळे तपासून घ्या.

१० मार्च
पुन्हा शूट करायचं ठरवलं. नक्की. पण फोनची मेमरी फिल्मच्या तुकड्यांनी भरली आहे, ते रेंडर झाल्याशिवाय काढता येत नाहीत. शेवटचं रेंडर आज लावलं. चार-पाच दिवसांत मोकळा होईन.

१४ मार्च
रेंडर ४१ टक्के.
ही म्हणाली, माझ्या फोनवर काढा आणि आहे तसं पाठवा, तुमचा हात लावू नका. म्हटलं, तुझ्या फोनचा कॅमेरा फिका आहे. ही म्हणाली, भिंत फिकीच आहे.
प्रार्थनेत सिस्टरांचं नाव घेतलं. दोनदा.

१८ मार्च
रेंडर ६६ टक्के. मध्येच अडकलं होतं, पुन्हा लावलं.
सिस्टरांनी खाट भिंतीपासून हातभर लांब ओढली आहे. भिंतीकडे पाठ करून झोपवत नाही म्हणाल्या. तीस वर्षं पेशंटकडे तोंड करून बसायची सवय. हसल्या. मीही हसलो.
झरोक्यातून उजेड चांगला येतो तो सकाळी. शनिवारी दुकान उशिरा उघडतो, तेव्हाच काढेन. तीन दिवसांनी काय बिघडतंय.

२१ मार्च, शनिवार, सकाळी ११.१०
वीज गेली. ८७ टक्क्यांवर होतं. आता पुन्हा शून्यापासून.
मोठा आवाज झाला. खिडकीतून धूळ येते आहे. माझ्या धुळीत हा पिवळेपणा नाही, तो घालायला हवा
जिन्याकडून हाका येतायत

२४ मार्च
भिंतीखाली सापडून सिस्टरांचे दोन्ही पाय गेले. गुडघ्याखाली काही ठेवता आलं नाही, असं डॉक्टर म्हणाले.
आम्हाला अग्निशमनवाल्यांनी शिडीने उतरवलं. आता सगळी कुटुंबं कारखान्याच्या जुन्या गोदामात. उतरताना हिने कपडे घेतले नाहीत, भांडी घेतली नाहीत. माझा कॉम्प्युटर चादरीत बांधून शिडीवरून खाली आणला. मी म्हटलं, अगं, कशाला? ही म्हणाली, त्यात सिस्टरांची भिंत आहे.


२७ मार्च
चौकशीला आलेले साहेब शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी समजावून सांगितलं. भेग हळूहळू वाढत होती आणि ऑफिसला कळवलं होतं, हे सिद्ध झालं तर जबाबदारी ऑफिसची. सिस्टरांचे उपचार आणि आयुष्यभराचं राहणं ऑफिसकडे. नाहीतर भिंत अचानक पडली, असं लिहावं लागेल. आणि बनावट व्हिडिओ पाठवल्याची नोंद सिस्टरांच्या नावावर आहेच.
भिंतीचा राडारोडा दोन ट्रकमधून गेला. चुन्याचा एक तुकडासुद्धा उरलेला नाही.

२८ मार्च
हॉस्पिटलात गेलो. व्हिडिओचं सांगूनच टाकायचं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती.
सिस्टर वॉर्डातल्या नर्सला सांगत होत्या, चादर अशी नाही खेचायची ग, पेशंटला विचारून खेचायची. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. तिला म्हणाल्या, हे आमचे फोटोवाले, मी काही घाबरत नाही, यांच्याकडे सगळं आहे तारखांसकट. मग मला म्हणाल्या, चौकशीच्या साहेबांना नेऊन दिलंत का?
म्हटलं, देतो.

२९ मार्च
सकाळपासून बसलो आहे. तारखा परत घालायच्या. इफेक्टच तर आहे. साफ केलेली भिंत समोर आहे, जागा अकराही आठवतात, कारण एकेक मीच पुसली. पेन्सिलीचा रंग जमला. सिस्टरांचा चार आकडा वर उघडा असायचा, तोही जमला.
पण कुठल्या जागी कुठली तारीख, ते आठवत नाही. भिंत वाजेल तेव्हा त्या लिहायच्या, त्याला नेम नव्हता. सिस्टरांना विचारावं, तर कशासाठी हवं ते सांगावं लागेल.
हिला विचारलं. ही म्हणाली, तुम्ही रोज लिहिता ना वहीत? त्या वाचून दाखवत होत्या तेव्हा तुम्हीच होतात तिथे.
खरंच की. वही काढली. पहिल्या पानापासून बोट ठेवून वाचत आलो. धूर तीन तास. ६ टक्के. ४१. ६६. ८७.
१५ फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं. माझंच अक्षर आहे. लिहून ठेवण्यासारखं काही नाही.

३१ मार्च
स्पर्धेची तारीख संपली.
चौकशीच्या साहेबांचा निरोप आला, काही असेल तर आज पाचपर्यंत आणून द्या. पाच वाजून गेले.