चौथ्या करवंटीखालचं मीठ

अप्पा, परवा श्रीवर्धनला जाऊन आले. तुम्ही ज्या व्यापाऱ्याच्या वखारीवर राखणीला होता, तिच्यामागे आता सुपारी बागायतदारांच्या सोसायटीचं गोदाम उभं राहतंय. सिमेंटची फरशी आहे, बैलगाडी सरळ आत जाईल एवढं दार आहे; छपरावर पत्रे मात्र अर्धेच चढलेत. आमच्या विकास बँकेच्या कर्जातून हे होतंय, आणि उरलेल्या पत्र्यांचा हप्ता सुटायचा तर आमच्या कचेरीचा तपासणीचा अहवाल हवा. मी तिथे कारकून आहे. आपल्या घरात शाळेत गेलेली पहिली मीच, हे आई अजून शेजारणींना सांगत असते. मी मात्र साधा फॉर्मही तीनदा तपासल्याशिवाय पुढे देत नाही.

साहेबांना आगबोट लागली. ते धर्मशाळेत आडवे झाले आणि म्हणाले, "तुम्हीच बघून भरा, मी सही करतो." फॉर्मात एक रकाना होता: फरशी कोरडी आहे काय? वैशाखात सगळंच कोरडं दिसतं. म्हणून मी सोसायटीच्या चेअरमनांकडे, म्हणजे तुमच्याशेजारी बसून सुपारी सोलणाऱ्या काकांकडेच, थोडं मीठ आणि चार करवंट्या मागितल्या. काका हसले. "काय गो, बँकेला आता मीठही आम्हीच पुरवायचं?" मग माझ्या तोंडाकडे बघून मीठ आणायला उठले. मिठाची ही तपासणी मुळात तुमची, ते त्यांना ठाऊक होतं.

तेव्हाचं आठवतं: मी सात वर्षांची आहे. पावसाळ्याआधी वखारीच्या चारही कोपऱ्यांत तुम्ही जमिनीवर मिठाची ढिगली ठेवता, वर करवंटी पालथी घालता. दुपारी ती उचलायची. मीठ मोकळं असलं तर ठीक, ओलं झालं तर जमीन खालून ओल सोडते, तिथे गोण ठेवायची नाही. तुम्ही दारात बसून गोणींची तोंडं शिवताय, आणि मला आत पाठवताय. मी धावत बाहेर येऊन सांगते, "सगळं कोरडं." आषाढात चौथ्या कोपऱ्यातल्या सुपारीवर पांढरी बुरशी चढली. मालकाला तुम्ही सांगितलंत, "करवंट्या मी स्वतःच उचलल्या होत्या." नोकरी गेली. मला एकदाच बोललात, "चौथा कोपरा न बघताच कोरडा म्हणालीस ना?" मग उरणच्या मिठागरात गेलात, आणि तिथून आलात ते आजारी होऊनच.

परवा तीन करवंट्यांखालचं मीठ मोकळं निघालं. चौथीखाली चिखल झाला होता. काका उकिडवे बसले, बोटाने मीठ चाचपलं. "बाय, ह्या कोपऱ्यात आम्ही गोण लावणार नाय. तू कोरडी लिही. पाऊस आठ दिवसांवर आलाय."

"जागा पुरेनाशी झाली की लावालच, काका."

"आणि छप्परच नसलं तर कुठे लावू? व्यापारी दारात येऊन बसलेत. मागतील त्या भावाला सुपारी घालावी लागेल सगळ्यांना."

खरं होतं ते. तरी मी लिहिलं, एका कोपऱ्यात ओल आहे. साहेबांनी न वाचता सही केली. फरशी पुन्हा होईपर्यंत हप्ता थांबला, म्हणजे हा पावसाळा गेलाच. निघताना काकी ओटीवरूनच म्हणाल्या, "शिकली आणि गावालाच नडली. बाप नव्हता असा."  काका माझी पिशवी उचलून बंदरापर्यंत आले, एवढंच.

तेव्हापासून मी फार थकले आहे. झोप झाली तरी जात नाही असा हा थकवा आहे. कचेरीत सगळे मला तत्त्वाची म्हणतात. तुम्हीही तसंच समजला असता, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही. कोऱ्या फॉर्मांच्या खाली ठेवून देईन.

चौथा कोपरा मी बघितला होता, अप्पा. मीठ ओलं होतं. पण तसं सांगितलं असतं तर गोणी हलवण्यात तुमची संध्याकाळ गेली असती, आणि त्या दिवशी तुम्ही मला आगबोट दाखवायला नेणार होता. नेलंतही. तुमच्या खांद्यावर बसून मी ती पार दिसेनाशी होईपर्यंत बघितली.