आधी औषध, मग चहा

आई, आज सकाळी आलं किसताना तुझी आठवण आली आणि चहाचं आधण आटून गेलं. तू असतीस तर आधी भांडं बघून चार शब्द सुनावले असतेस. मी ताप उतरल्यावर गोळी जिभेखाली लपवायचे आणि तू ओट्याशी उभी राहून म्हणायचीस, "आ कर. आधी औषध, मग चहा. नाटकं नकोत."

तुला कावीळ झाली तेव्हा मात्र तुला कोणी आ करायला लावलं नाही. शेजारच्या काकूंनी वैदूकडून मुळ्यांची माळ आणून तुझ्या डोक्यावर ठेवली. माळ सैल होत पायापर्यंत आली की कावीळ उतरली, असा हिशोब. आम्ही शाळेतून आलो की आधी माळ बघायचो. ती पायाशी आली त्या दिवशी तू पेढे वाटलेस. काही वर्षांनी लिव्हरच्याच दुखण्याने गेलीस.

माझं पहिलं लग्न मोडलं, त्यानंतर इथे ऑकलंडला तपासणीत एचआयव्ही निघाला. तो त्या नवऱ्याकडून आलेला. त्याच रक्तात हेपटायटिस बीसुद्धा निघाला, तो बहुधा जन्मतःच तुझ्याकडून. वारशात चांदीची वाटी येते, मला हे आलं. राग नाही आला, तुला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकच गोळी दोन्ही आजार आवरेल, पण मनाने बंद केलीस तर लिव्हरचा आजार उसळेल. आताच्या नवऱ्याला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं. "मग गोळीची आठवण मी करत जाईन," असं म्हणाला होता. विसरतो तोच.

दिवस राहिले तेव्हा मला एकच भीती होती, हे पुढे जाणार का? मुलगी झाली आणि लगेच तिला लिव्हरच्या आजाराची लस आणि तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन दिलं, एचआयव्हीसाठी औषधाचे थेंब सुरू केले. दूध बाटलीचंच. सगळं नीट चाललेलं, आणि तिसऱ्या दिवशी पोर पिवळी दिसायला लागली. पुण्याहून आलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "माळ मागवू का गं कोणाकडून?" मी इंजिनिअर बाई, आणि खरं सांगते, हो म्हणणारच होते. तेवढ्यात ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या आमच्या घरी मिडवाइफ, म्हणजे इथली सुईण, आली. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करत तिने बाळाच्या नाकावर बोट दाबून रंग पाहिला. "हीप्स ऑफ बेबीज गेट धिस," ती म्हणाली, म्हणजे ढीगभर बाळांना होतं हे. मग मला समजावलं, "तुझा आजार बाळात असा तिसऱ्या दिवशी दिसत नाही, तिला नीट दूध पाज, उद्या मी परत बघते." आठवड्यात पिवळेपणा गेला. शेवटच्या तपासण्या व्हायला पुढे वर्षाहून जास्त लागलं. दोन्ही आजार नाहीत म्हणाले, तेव्हा मी गाडीत बसून पोटभर रडले. तुझ्याकडून आलेलं माझ्यापाशी थांबलं, आई.

आता ती तीन वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मी चहाचा कप उचलला की कमरेवर हात ठेवून वरच्या फळीवरच्या डबीकडे बोट दाखवते, "आई, टॅब्लेट फर्स्ट. देन टी." भुवया अगदी तुझ्या. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? राहू दे इथेच. एवढंच सांगायचं होतं की गोळी मी एकदाही चुकवलेली नाही. रोज सकाळी विसरल्याचं सोंग मात्र करते, म्हणजे ती रागावते.