माईक परत देणारे मामा

भारतमामा, जय सेवालाल.

वणीच्या आमच्या कॉलेजात शाहिस्तानं रमजानच्या रोज्यावर लिहिलेली कविता भित्तिपत्रकातून कोणी तरी फाडली, म्हणून आमी पोरी फाटकापाशी धरण्याले बसलो होतो. तुमी आमच्या विरोधातल्या लोकाईसंग आलते. मी बोलून राह्यली होती, तं तुमच्यातल्याच एकानं माईक हिसकला. तुमी तो त्याच्या हातून घेऊन मले परत देला.

"माही भाची चुकून राह्यली," तुमी म्हणाले, "पण तिचं बोलणं पुरं होऊ द्या."

मंग शाहिस्तानं कविता वाचली. तेही तुमी मातीत बसून अख्खी आयकली.

येतानी मी इचारलं, "पटली का, मामा?"

"नाही. पण फाडाची नव्हती."

काल मामीनं तुमच्या चोरून फोनवर सांगितलं, त्याच्यापायीच तांड्याच्या उत्सव समितीतून तुमाले काढलं. तुमी मले एका शब्दानं बोलले नाही. हे पत्र धाडलं तं मामीचं नाव फुटन, म्हणून वहीतच ठेवून राह्यली.

मामा, एवढ्या लोकाईत माह्यासाठी उभे राह्यले, हे मी जन्मभर इसरणार नाही. दिवाळीले शाहिस्ताले घेऊन येईन. तिनं ते कविता तुमच्यासाठी नव्यानं लिहून काढली हाय. पटो न पटो, ठेवून घ्या.

तुमची भांडखोर भाची,
प्रतीक्षा